वरून प्यायलेला घोट

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत माझ्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे. शाळेत असताना आमची सहल सोनगीरच्या किल्ल्यावर गेली होती. तिथे एका माकडाने माझा डबा पळवला. हा प्रसंग मी इतक्यांदा सांगितला की माझं लग्न होईपर्यंत माकडाचा बिबट्या झाला, आणि मुलीच्या बारशापर्यंत मी त्या बिबट्यामागे धावून डबा परतही आणला होता. आमचे हे सरकारी कचेरीत कारकून. ते नव्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवत, "कमल जे सांगेल त्याला तीनने भागा."

हे लिखाण मात्र भागाकार न करता वाचावं. धुळ्याच्या ज्या डॉक्टरांनी माझा घसा उघडला, त्यांच्याकडे अजूनही अधूनमधून असा पेशंट येतो. कोणी मोरी साफ करायचं पाणी प्यायलेलं असतं, कोणी संडासात टाकायचं अ‍ॅसिड. पेशंट भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, घरचे एकमेकांशी बोलत नाहीत. मग डॉक्टर मला निरोप धाडतात, कमलताई, एकदा येऊन बोलून जा. पूर्वी मी जायचे. आता पन्नाशी जवळ आली, एस.टी.त बसलं की कंबर कुरकुर करते. म्हणून लिहून ठेवते आहे. मी आले नाही तरी हे वाचा.

मोरी तुंबली

त्या काळात उन्हाळ्यात आमच्याकडे नळ एक दिवसाआड. पाणी आलं की घरात भांडं म्हणून जे असेल ते भरायचं. ड्रम, हंडे, कळशा, बादल्या, कुकरसुद्धा. त्यामुळे भांड्यात जे दिसेल ते पाणीच, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. नेमकी अशाच एका पाण्याच्या दिवशी मोरी तुंबली.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. यावलकडच्या, केळीच्या बागायतीतल्या. आवाज असा, की बागेच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाच्या गड्याने मोटार बंद करावी. लग्न झाल्यापासून त्या मला रोज बोलत आणि मी रोज उत्तर देई. ते भांडण नव्हतं. घरातला रेडिओ बिघडला होता आणि दुसरी करमणूक नव्हती. अक्कांचा एक नियम मात्र मीही कधी मोडला नाही. भांड्याला ओठ लावायचा नाही. तांब्या वर धरायचा, मान मागे टाकायची आणि धार थेट घशात सोडायची. उष्टं करणारी सून त्यांना चालली नसती. मी त्यात इतकी तरबेज, की भरला तांब्या एका दमात, थेंब न सांडता रिकामा करायचे. अक्कांनी त्यांच्या माहेरी माझं जे काही कौतुक केलं असेल ते एवढंच.

हार्डवेअरवाल्याने कागदाच्या पुडीत कॉस्टिक सोडा दिला. पांढरे पापुद्रे. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात कालवू नका, फसफसतं, स्टीलचं घ्या, एवढं त्याने बजावलं. अक्कांनी तसंच केलं. स्टीलच्या तांब्यात पाणी घेतलं, त्यात पुडी रिकामी केली. ते पाणी चुलीवाचून आपोआप तापतं. हातात धरवेना, म्हणून त्यांनी तांब्या मोरीच्या कट्ट्यावर निवायला ठेवला आणि मागच्या दारी मोरीची जाळी घासायला गेल्या.

मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. खाली उतरले ती घामाने निथळत, डोळ्यांपुढे पिवळं दिसत होतं. कट्ट्यावर तांब्या. आत नितळ पाणी, वास नाही, रंग नाही. हाताला कोमट लागलं, पण चैत्रातल्या दुपारी जळगावात गार काय असतं? मी मान मागे टाकली आणि धार सोडली.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढे वर्षभर मी ती लोकांना समजावत राहिले. तोंड लावून पिणाऱ्याला आधी ओठ सावध करतात, मग जीभ. वरून पिणाऱ्याला कोणीच सावध करत नाही. पहिला घोट घशाखाली गेला तेव्हा मला फक्त बुळबुळीत लागलं, साबणाच्या पाण्यासारखं. दुसरा वाटेत असताना आग लागली. तांब्या हातातून सुटला, उरलेलं पाणी हनुवटीवर, गळ्यावर, छातीवर सांडलं. मी ओरडले असं मला वाटत होतं. शेजारणी म्हणतात, ओरडणं काही ऐकू आलं नाही, तांब्या गडगडत गेल्याचं तेवढं ऐकू आलं.

मग त्या मदतीला धावल्या. एकीने लिंबू पिळलं, दुसरीने मिठाचं पाणी पाजून घशात बोट घातलं आणि उलटी करवली. सगळं मायेनंच. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "जाताना एकदा भाजलं होतं," ते म्हणाले, "तुम्ही येताना दुसऱ्यांदा भाजलंत." वाचणाऱ्यांनी बाकी सगळं विसरलं तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. उलटी करवायची नाही. लिंबू, मीठ काही पाजायचं नाही. अंगावरचे भिजलेले कपडे काढायचे, तोंड आणि कातडी भरपूर साध्या पाण्याने धुवायची, पुडीचा कागद बरोबर घ्यायचा आणि रिक्षा बोलवायची.

हवालदार

लग्न झालेली बाई असलं काही पिऊन दवाखान्यात आली की पोलिसांना कळवावं लागतं. दुसऱ्या दिवशी हवालदार आले. पोट सुटलेलं, चेहरा उन्हाने आणि कामाने पिचलेला. त्यांनी अक्कांना आणि ह्यांना व्हरांड्यात पाठवलं, स्टूल ओढलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, सासू बाहेर आहे. आता बिनधास्त सांगा."

बिनधास्त सांगायला आवाज होता कुठे? ओठ सुजून पुरीसारखे फुगलेले, घसा बंद, लाळ गिळायची म्हटली तरी डोळ्यांतून पाणी. माझ्या मुलीची, वैशूची पाटी ह्यांनी आणून ठेवली होती. तिच्यावर मी लिहिलं, पाणी समजून प्यायले. हवालदारांनी विचारलं, रंग दिसला नाही का? मी लिहिलं, रंग नसतो. वास? वासही नसतो. मग तोंडात घेतल्याबरोबर चव नाही कळली?

मी पाटी खाली ठेवली आणि अभिनय केला. आडवी पडलेली, एका हाताला सलाईन, दुसरा हात उंच, मान मागे. सिस्टर धावत आल्या. त्यांना वाटलं मी पाणी मागतेय, त्या रागावल्या. हवालदार मात्र विचारात पडले. कोपऱ्यात माठ होता. त्यांनी भांड्यात पाणी घेतलं, भांडं वर धरलं, मान मागे टाकली, आणि धार सोडायच्या आधी हात थांबवला. भांडं खाली आणून त्यात एकदा बघितलं. मग प्यायले. परत स्टुलावर येऊन बसले आणि माझा जबाब लिहून घेतला.

हवालदाराला पटलं. घरच्यांना पटायला वर्ष लागलं.

नानाचा प्रश्न

ह्यांनी माझ्या माहेरी तार केली होती. तारेत कमल सीरियस, लवकर या, इतकंच. नाना माझा थोरला भाऊ, शिंदखेड्याजवळ शेती करतो. तो जीप भरून माणसं घेऊन आला, आणि सीटखाली काठ्या. तांब्या कोणी ठेवला होता, हे एका शेजारणीने त्याला दवाखान्याच्या फाटकातच सांगून टाकलं होतं.

तो माझ्या कानाशी वाकला. "खरं सांग बहीन," म्हणाला, "कोन्ही पाजं, का तूच पिनी?"

कोणी पाजलं की मीच प्यायले, त्याच्याकडे हे दोनच पर्याय होते. तिसरा मी पाटीवर लिहिला. नानाने वाचला, पाटी हाताने पुसली आणि परत माझ्यापुढे धरली. म्हणजे पुन्हा लिही. मी पुन्हा तेच लिहिलं. त्याने पुन्हा पुसलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण फार अवघड जागी सापडलो आहोत. आयुष्यभर मी साधं वाक्य बोलले नव्हते. 'तहान लागली होती, पाणी समजून प्यायले' हे माझ्या तोंडचं वाक्यच कोणाला वाटेना. मी जर लिहिलं असतं की मोरीतून काळा नाग निघाला आणि दचकून माझ्या हातून तांब्या तोंडात रिकामा झाला, तर नानाने निदान ही आपलीच कमल आहे म्हणून सुस्कारा टाकला असता. एवढं कोरडं बोलतेय म्हणजे ही घाबरलीय, किंवा कोणाला तरी वाचवतेय, असं त्याने ठरवून टाकलं.

अक्का व्हरांड्यात भिंतीशी बसून होत्या. आत आल्या नाहीत. नाना त्यांच्यासमोरून गेला, तेव्हा त्यांनी मान वर केली नाही, स्वतःची बाजूही मांडली नाही. नानाने काठ्या जीपमध्येच राहू दिल्या. पण निघताना ह्यांना बजावून गेला की कमल एकदा खातीपिती झाली की तो तिला आणि वैशूला घेऊन जाणार, आणि परत धाडायचं की नाही ते त्याचं तो बघणार. ह्यांनी मान डोलावली. मला कोणी विचारलं नाही, पाटी तर तिथेच होती.

बरी झाले म्हणून पेढे

घरी आले. तोंडातली सालं निघाली, आवाज फुटक्या बांगडीसारखा का होईना परत आला. मऊ खिचडी उतरू लागली. ह्यांनी कॉलनीत पेढे वाटले. मीही एक अर्धा खाल्ला.

या आजाराची खोडी ही की तो बरा झाल्याचं नाटक करतो. भाजलेली जागा आतून भरून येते आणि भरून येता येता आवळत जाते. आधी भाकरीचा घास छातीत अडकला. मला वाटलं, घाईघाईत खाल्लं. मग भात अडकला. मग वरण. आषाढात पाणीसुद्धा छातीपाशी थांबून परत वर यायला लागलं. शेवटी स्वतःची थुंकी गिळता येईना. मी पदराआड एक डबा घेऊन बसायचे आणि त्यात थुंकायचे. पाहुणे आले की डबा पाटाखाली. गिळणं ही गोष्ट आपण दिवसभर किती वेळा करतो याचा कधी कोणी विचार करत नाही. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. झोपेतही मी पाणी पीत असे आणि जाग यायची ती कोरड्या तोंडाने.

जळगावच्या डॉक्टरांनी धुळ्याला एका सर्जनांकडे पाठवलं. त्यांनी फोटो उजेडात धरला, घशाखालची वाट दाखवली, दोऱ्यासारखी बारीक. ते म्हणाले, ही वाट हळूहळू रुंद करू, पण तोवर तुम्हाला जगवायचं आहे. आणि त्यांनी माझ्या पोटाला भोक पाडून तिथून एक रबरी नळी बाहेर काढली.

सळया

इथून पुढचे महिने सांगण्यासारखे नाहीत, कारण ते सगळे सारखे होते. एक आड एक आठवडा धुळे. पहाटेची एस.टी., एरंडोल, पारोळा, खिडकीची काच खडखडतेय, पोटावर नळी गुंडाळून वर घट्ट पदर. धुळ्याच्या स्टँडवर नाना उभा असायचा. तो पिशवी घ्यायचा आणि दवाखान्याच्या वाटेवर तोच प्रश्न विचारायचा. कोन्ही पाजं, का तूच पिनी? मी तेच उत्तर द्यायचे. पुढे पुढे त्या प्रश्नाचाही कंटाळा आला, त्यालाही आणि मलाही, पण तो विचारायचा थांबला नाही.

आत गेलं की घशात बधिर करायचं औषध फवारायचे, मग रबराची लांब सळई. पहिली पेन्सिलीपेक्षा बारीक होती. ती तोंडातून आत जायची, मी जागीच. डॉक्टर म्हणायचे, "गिळा कमलताई, गिळा." ज्या बाईला पाणी गिळता येत नाही तिने रबर गिळायचं. दर वेळी घसा फाटायचा धोका असतो हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि दर वेळी टेबलावर चढताना ते मला आठवायचं. जत्रेत तलवार गिळणारा असतो ना, तो लोकांकडे बघून हसतो. मी तसं हसायचा प्रयत्न केला. सिस्टर घाबरल्या, त्यांना वाटलं झटका आला. पण डॉक्टरांना ते आवडलं असावं. नवीन पेशंट रडायला लागला की ते मला बाकावरून बोलावून घ्यायचे आणि म्हणायचे, ह्यांच्याकडे बघा, या कशा गिळतात. आता असल्या कर्तबगारीचा अभिमान वाटावा का? मला वाटायचा. महिन्यातून दोनदा मला कोणी रंगमंचावर बोलावत होतं, आणि तेवढ्या वेळ मी कंटाळले आहे हे विसरायचे.

परतीच्या एस.टी.त मात्र मी खिडकीला डोकं टेकून बसायचे आणि छातीत ठणकत राहायचं. सळई थोडी जाड झाली की दोन दिवस बरं वाटे, मग वाट पुन्हा आवळे. एखाद्या वेळी मागच्यापेक्षा बारीक सळईवर परत जावं लागे. तुम्हालाही जावं लागेल. त्या दिवशी घरी येऊन कोणाशी बोलू नका, सरळ झोपा.

नळीचं जेवण

नळीला वर चाडी, म्हणजे नरसाळं, लावायची आणि गाळलेलं दूध, वरणाचं पाणी, कढी असं हळूहळू ओतायचं. पोट भरतं, तोंडाला पत्ता लागत नाही. ढेकर आली की कळायचं, आज कढी होती. हिवाळ्यात घराघरांतून वांगी भाजल्याचा वास यायचा तेव्हा मात्र मी कानात कापूस घालावा तसा नाकात पदर घालून बसायचे. घरच्यांनी आधी माझ्यामुळे भरीत करणं बंद केलं. मी चिडले. स्वतः वांगी भाजली, ठेचली आणि सगळ्यांना समोर बसवून वाढलं. मीठ बरोबर आहे का, हे विचारल्यावर कोणी उत्तर दिलं नाही. तुम्ही पेशंटचे घरचे असाल तर उत्तर देत जा.

सकाळ-संध्याकाळ चाडी हे धरायचे. दुपारी मीच, एका हाताने चाडी उंच धरून दुसऱ्या हाताने ओतायचे आणि निम्मं सांडायचे. अक्का घरात असायच्या, पण हात लावायच्या नाहीत. कारण पाण्याच्या रांगेत एक बाई त्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "आधी वरून पाजलं, आता खालून पाजतील."

घरातलं फिनेल गेलं, ढेकणाचं औषध गेलं, रॉकेलचा डबा शेजारी नेऊन ठेवला. स्टोव्ह पेटवायचा तर शेजारून वाटीभर रॉकेल मागून आणायचं आणि शेजारीण ती वाटी देताना माझ्या तोंडाकडे बघणार. वैशू शाळेतून आली की माझ्या मागे मागे. गच्चीवर गेले तर गच्चीवर, संडासला गेले तर दाराबाहेर उभी. तिला कोणी तसं सांगितलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही.

एका रविवारी दुपारी ह्यांनी चाडी धरली होती. दूध निम्मं उतरलं होतं. "त्या दिवशी सकाळी आपलं आखाजीला माहेरी जाण्यावरून वाजलं होतं," ते म्हणाले. "त्यावरून तर नाही ना?"

मी नाही म्हटलं. त्यांनी आणखी थोडं दूध ओतलं आणि म्हणाले, "म्हणजे आईने तर काही..." वाक्य पुरं केलं नाही. बायकोने जीव द्यायचा प्रयत्न केला की आईने तिचा जीव घ्यायचा, यातलं कोणतं बरं, हे त्या माणसाला ठरवता येत नव्हतं. तिसरं काही असू शकतं हे मी आणखी एकदा सांगितलं. तीनने भागायची सवय लागलेला माणूस. भागून त्याच्या हाती काय उरलं, मला माहीत नाही.

पण सगळ्यात वाईट अक्कांचं झालं. त्या माझ्याशी चांगलं वागायला लागल्या.

आमटीत गूळ जास्त पडला, तर छान झालीय म्हणाल्या. उन्हं वर येईपर्यंत झोपले, तर वैशूला म्हणाल्या, आईला झोपू दे. पाण्याच्या भांड्यांना हात लावणं त्यांनी सोडलं, स्वतःला पाणी हवं तरी वैशूला हाक मारायच्या. मला हे सहन होईना. मी धुणं तसंच भिजवून ठेवलं. काही नाही. मुद्दाम दूध उतू घालवलं. त्यांनी मुकाट्याने फडकं आणून ओटा पुसला. मला भीती वाटायला लागली. घसा मला परत हवा होता, त्याच्यासाठी धुळ्याला सळया होत्या. अक्का परत हव्या होत्या, त्याला काय करायचं ते कोणाला माहीत नव्हतं. आणि जसजसा घसा सुटत चालला, तसतसा नाना येऊन मला घेऊन जायचा दिवस जवळ येत होता. मी अशी गेले असते तर अक्कांवरचा शिक्का कायमचा झाला असता.

आखाजी

फाल्गुनात डॉक्टरांनी नळी काढली. दुधात कुस्करलेली भाकरी जात होती, मऊ वरणभात जात होता. अधूनमधून सळई करावीच लागणार होती, अजूनही लागते. पण मी खातीपिती झाले होते.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी जातात. नाना मला न्यायला आला, तो मोठी पत्र्याची ट्रंक घेऊन. चार दिवसांच्या माहेरपणाला एवढी ट्रंक कोणी आणत नाही. ह्यांनी ती बघितली आणि पेपर वाचायला घेतला. वैशू दारात उभी. अक्का आत पुरण वाटत होत्या, त्यांनी नानाला पाणीसुद्धा स्वतः दिलं नाही.

मला भेटायला शेजारच्या दोघीतिघी आल्या होत्या. त्यांतली एक नवी होती. तिने विचारलं, "ताई, नेमकं झालं तरी काय होतं?"

नाना माझ्याकडे बघायला लागला. मी खूप दमले होते. तहान लागली, पाणी समजून प्यायले, हे वाक्य वर्षभर बोलून माझ्या तोंडात त्याचा चोथा झाला होता. ते पुन्हा बोलायची माझ्यात ताकद नव्हती. मग म्हटलं, जाऊ दे, आपल्याला जे येतं ते करू.

"काय सांगू बाई," मी सुरुवात केली. "तांब्यातून निळा धूर निघत होता. मला वाटलं उन्हाची भूल. एक घोट घेतला आणि कोसळलेच. तोच आमच्या अक्का मागच्या दारातून विजेसारख्या धावत आल्या. माझ्या हातातून तांब्या हिसकावला, तो स्वतःच्या हातावर सांडला तरी पर्वा केली नाही. रिक्षा मिळेना. तेव्हा अक्कांनी मला खांद्यावर टाकलं आणि थेट दवाखान्यापर्यंत..."

आतला पाटा थांबला. अक्का पुरणाच्या हातांनी दारात आल्या.

"काय बोलू राहिली तू?"

"खरं तेच सांगतेय अक्का. तुम्ही मला खांद्यावर..."

"खांद्यावर म्हने. मले जिना चढवत नाही, मी तुले उचलते? काही लाज?" वर्षभरात त्यांचा आवाज इतका चढलेला नव्हता. शेजारच्या खिडकीत एक डोकं आलं. "मी कवा धावले? मी मागं बसून जाळी घासत व्हते. तांब्या पडल्याचा आवाज आला, तरी मी उठले नाही. म्हटलं, पाडला असंल हिनं, रोज काही ना काही पाडतेच. बसल्या जागेवरून एक शिवी हासडली तुले."

हे मला माहीत नव्हतं.

"तांब्या मी ठेवला व्हता," अक्का म्हणाल्या. आता त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, नानाकडे बघत होत्या. "मी. वर झाकन ठेवलं नाही. हिले एक हाक मारून सांगितलं नाही. हे पोर तहानेची वरून आली अन पानी समजून पेली. अन वर्सभर माह्या नावाची शिवी एकदा तोंडातून काढली नाही हिनं. आता म्हनते, अक्का धावल्या."

"कोणती शिवी होती?" मी विचारलं.

"सांगू? पाव्हन्यांसमोर सांगू?"

ती त्यांनी सांगितली नाही. पण बाकीच्या, वर्षभराच्या साठलेल्या, सगळ्या सांगितल्या. उतू घातलेलं दूध निघालं, भिजत ठेवलेलं धुणं निघालं, आमटीतला गूळ निघाला, तो काय गुळाचा कारखाना होता का म्हणून. मी एकेक ऐकत गेले. ह्यांनी पेपर खाली ठेवला होता आणि तोंडावर हात ठेवून बसले होते. हसत होते की काय करत होते, कळलं नाही.

अक्का दम घ्यायला थांबल्या तेव्हा नाना बोलला.

"मंग पुढे काय व्हयनं, अक्का?"

अक्का त्याच्यासमोर खाली बसल्या, पुरणाचे हात तसेच पुढे धरून, आणि सांगायला लागल्या. जाळी हातात घेऊनच आत आल्या ते. मी मोरीपाशी पडले होते ते. लिंबू कोणी पिळलं, रिक्षा कोणी आणली, हवालदाराने बाहेर काढलं तेव्हा त्यांना काय वाटलं. सांगताना कुठेकुठे थांबत, मग नाना हं म्हणे. वैशू येऊन त्यांच्या पाठीला टेकली. सांगून संपल्यावर नानाने मला नाही, ह्यांना नाही, अक्कांना विचारलं की आखाजीनंतर कमलला कोणत्या दिवशी आणून सोडू.

"लवकर आना," अक्का म्हणाल्या. "उडदाचे पापड व्हायचे हायेत. मी एकटी लाटू काय?"

मी भिंतीला टेकून बसले होते. वर्षभरात पहिल्यांदा माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.